गावचे जनावर, कोणाचा वाटा? रत्नागिरीच्या एका अन्नाचा इतिहास

१.
गवतावर, मोकळ्या रानात वाढलेल्या गुरांचे मांस थेट शेतकऱ्याकडून विकत घेण्याची पद्धत आज अमेरिकेत आणि युरोपात पुन्हा लोकप्रिय होत आहे. ग्राहक पाव किंवा अर्धे जनावर आधीच सांगून ठेवतो आणि कारखानदारी मांसापेक्षा जास्त किंमत आनंदाने मोजतो. महाराष्ट्रात गोमांसाच्या बाबतीत असा व्यवहार कायद्याने होऊ शकत नाही. मात्र जनावर कोठे वाढले, ते कोणी कोणाला दिले आणि त्याचा वाटा कोणाच्या पदरात पडला, हे प्रश्न रत्नागिरी जिल्ह्याला नवे नाहीत. त्यांच्या उत्तरांत येथील शेती, जातिव्यवस्था, एक मोठे आंदोलन आणि स्वतंत्र भारतातील कायदे हे सारेच येते. आजची मालिका या विषयावर.

२.
प्रथम गुरांविषयी. कोकणातील गुरे लहान चणीची, काटक आणि दुधाला बेताची. जांभ्याच्या सड्यावर पावसाळ्यात उगवणारे गवत आणि उरलेल्या काळात भाताचा पेंढा, एवढ्यावर ती जगतात. ‘कोकण कपिला’ या नावाने आज या स्थानिक गुरांची स्वतंत्र जात म्हणून नोंद झालेली आहे. शेतकऱ्याला त्यांची गरज दोन कारणांसाठी होती. पहिले, भातखाचरात नांगरणी आणि चिखलणी करण्यासाठी बैल. दुसरे, शेण. रोपे तयार करण्यापूर्वी शेण, पालापाचोळा आणि कवळ जमिनीवर पसरून ‘राब’ भाजला जात असे, आणि शेणाशिवाय तो होत नसे.

३.
येथे एक मोठा फरक लक्षात घ्यावा लागतो. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात रॉबर्ट बेकवेलसारख्या पशुपालकांनी निवडक पैदास करून केवळ मांसासाठी गुरे घडवण्यास सुरुवात केली. कोकणात मांसासाठी गुरे पाळणे ही कल्पनाच नव्हती. जनावर आयुष्यभर शेतात राबे. मांस हा त्या श्रमाच्या अखेरीस उरणारा शेष होता. म्हातारा झालेला बैल एक तर बाजारात विकला जाई, किंवा गोठ्यात मरे. या दोन वाटांनी दोन वेगळे इतिहास घडवले.

४.
दुसरी वाट आधी पाहू. गोठ्यात जनावर मेले की मालक त्याला हात लावत नसे. ते ओढून गावाबाहेर नेणे हे महारांचे गावकीचे काम. त्याबदल्यात मांसावर आणि अनेक ठिकाणी कातड्यावरही त्यांचा हक्क मानला जाई. महारांच्या परंपरेत जे ‘बावन्न हक्क’ सांगितले जातात, त्यांच्याशी हा व्यवहार जोडलेला होता. कागदावर पाहिले तर हा ‘हक्क’ दिसतो. व्यवहारात ती सक्ती होती. काम नाकारण्याची मुभा ज्याला नाही, त्याच्या मोबदल्याला हक्क म्हणणे हा भाषेचा खेळ आहे.

५.
रत्नागिरीत या सक्तीला आणखी एक पदर होता. देशावर गावगाडा प्रामुख्याने वतन आणि बलुते यांवर चाले. येथे मात्र खोतीचा अंमल होता. सारा वसूल करणारा खोत आणि जमीन कसणारे कूळ यांच्यातील संबंध फार विषम होते. कुळालाच वेठ चुकत नसे, तर कुळाच्याही खाली असलेल्या महाराला ती कोठून चुकणार? सुपीक खाचरे दुसऱ्याची, रानावर दुसऱ्याची हुकमत, आणि मेलेले जनावर तेवढे आपले, अशी ती वाटणी होती.

६.
या अन्नाचे स्वरूप परिस्थितीने ठरवले. जनावर कधी मरेल हे कोणाच्या हातात नव्हते. मेले की एका दिवशी मणभर मांस, त्यानंतर कित्येक आठवडे काहीच नाही. साठवणुकीचे साधन म्हणजे मीठ आणि ऊन. मांसाच्या लांब पट्ट्या कापून उन्हात वाळवायच्या. मराठवाड्यात त्यांना ‘चान्या’ म्हणतात. शाहू पाटोळे यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या ग्रंथात तेथील महार आणि मांग समाजांच्या पाककृतींची सविस्तर नोंद केली आहे. ज्या ग्रंथांना आपण ‘महाराष्ट्रीय पाककृती’ म्हणून ओळखतो, त्यांत या अन्नाला जागा नव्हती. ग्रंथाच्या नावातील ‘अपूर्ण’ हा शब्द ती उणीव दाखवतो.

७.
पाककृतीकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहिले तर पुष्कळ कळते. वर्षानुवर्षे नांगर ओढलेल्या जनावराचे स्नायू चिवट असतात. त्यांतील संयोजी ऊतक मऊ होण्यासाठी मंद आचेवर काही तास शिजवावे लागते. घाईने मोठी आच दिली तर मांस आणखी आक्रसते. म्हणून भरपूर पाणी, मीठ, मिरची आणि दीर्घ वेळ ही कृती. तेल विकत घेण्याची ऐपत नसे, तेव्हा मांसाची चरबीच फोडणीचे काम करी. खोबऱ्याचे वाटप आणि गरम मसाला ही समृद्ध घराची गोष्ट. आज परदेशी खवय्ये ज्या ‘साध्या, संथ’ स्वयंपाकाचे कौतुक करतात, तो येथे दारिद्र्याने शिकवलेला होता.

८.
आता या व्यवहारातील विसंगती पाहा. जनावर ज्याच्या गोठ्यात मेले, तो शुद्ध राहिला. ज्याने ते उचलले, तो अशुद्ध ठरला. मालकाची सोय, गावाचे आरोग्य आणि कातड्याचा पुढचा सारा व्यापार ज्या श्रमावर उभा होता, तोच श्रम अस्पृश्यतेचा पुरावा म्हणून वापरला गेला. अन्नाने जात ठरत होती की जातीने अन्न ठरत होते, हा प्रश्न येथूनच निर्माण होतो.

९.
हा प्रश्न विचारणारी माणसे याच परिसरातून पुढे आली, हा योगायोग नव्हे. दापोली हे लष्करी निवृत्तिवेतनधारकांचे ठाणे होते. सैन्यात नोकरी केलेले, लिहितावाचता येणारे महार सैनिक तेथे स्थायिक झाले होते. त्यांपैकी गोपाळबाबा वलंगकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात ‘विटाळ विध्वंसन’ लिहून अस्पृश्यतेच्या शास्त्राधारालाच आव्हान दिले. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे हे मंडणगड तालुक्यातले. त्यांचे वडील रामजी सुभेदार निवृत्तीनंतर काही काळ दापोलीतच राहिले होते.

१०.
१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाड येथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. चवदार तळ्याचा सत्याग्रह सर्वांना ठाऊक असतो. त्याच परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस खाणे सोडा, उष्टे तुकडे मागणे सोडा, असे आवाहन केले, हे तुलनेने कमी सांगितले जाते. परिषदेच्या ठरावांत दोन गोष्टी होत्या. मृतमांस खाण्यास कायद्याने बंदी घालावी, अशी सरकारला विनंती. आणि आपली मेलेली जनावरे आपणच पुरावीत, अशी सवर्ण हिंदूंना विनंती.

११.
दुसरी विनंती नीट वाचावी. पहिल्या ठरावाला ‘आहारसुधारणा’ म्हणून सवर्ण समाज टाळ्या वाजवू शकला असता. दुसऱ्याने ओझे मूळ मालकाच्या खांद्यावर परत ठेवले. म्हणूनच त्यानंतर ज्या गावांत महारांनी ढोरे ओढण्याचे नाकारले, तेथे बहिष्काराचे हत्यार उपसले गेले. मांस सोडले म्हणून कोणी रागावले नाही. राग आला तो काम सोडल्याचा. भुकेल्या माणसाने हाती येणारे अन्न स्वेच्छेने नाकारणे यात किती मोठा त्याग होता, हे पोटभर जेवणाऱ्यांच्या ध्यानात सहसा येत नाही.

१२.
हा लढा पुढे कायदेमंडळात गेला. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी १८७४ च्या वंशपरंपरागत वतनविषयक कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले. १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचे विधेयक त्यांनीच मांडले. फळ येण्यास वेळ लागला. खोती १९४९ च्या कायद्याने आणि कनिष्ठ गाववतने १९५८ च्या कायद्याने रद्द झाली. मेलेल्या जनावरावरील ‘हक्का’चा कायदेशीर आधार अशा रीतीने संपला.

१३.
१९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यांच्या उगमावरील ग्रंथात बाबासाहेबांनी या अन्नाचा ऐतिहासिक सिद्धान्त मांडला. त्यांच्या मते पराभूत टोळ्यांतील पांगलेली माणसे गावाबाहेर राहत आणि मृत गुरांचे मांस खात. पुढे इतर समाजाने गोमांस वर्ज्य केले, तेव्हा ती माणसे अस्पृश्य ठरली. हा काळ त्यांनी सुमारे इसवी सन ४०० असा धरला. या सिद्धान्तावर अभ्यासकांत मतभेद आहेत. तथापि ‘कोण काय खातो’ हा प्रश्न सत्तेच्या इतिहासात आणून बसवण्याचे श्रेय त्यांच्याकडे जाते.

१४.
आता पहिल्या वाटेकडे वळू : बाजारात विकलेला बैल. येथे चर्चा प्रामुख्याने अर्थशास्त्राची होती. महात्मा फुल्यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये गोऱ्या शिपायांच्या आहारासाठी होणाऱ्या गुरांच्या कत्तलीवर टीका केली. त्यांची चिंता शेतकऱ्याच्या बैलाची होती. जंगल खात्याने चराऊ राने अडवल्याची तक्रारही त्याच ग्रंथात आहे. १९२४ ते १९३७ या काळात रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या सावरकरांनी गाय हा उपयुक्त पशू आहे, तिचे पालन करावे, पूजा नको, अशी भूमिका घेतली. विचारांनी दूर असलेल्या या दोघांच्याही युक्तिवादात गाईची उपयुक्तता मध्यवर्ती आहे, हे लक्षणीय आहे.

१५.
स्वातंत्र्यानंतर हाच विचार राज्यघटनेच्या ४८ व्या अनुच्छेदात आला. १९७६ च्या महाराष्ट्र प्राणी संरक्षण कायद्याने गाई आणि वासरांच्या कत्तलीस बंदी केली. बैलांची कत्तल प्रमाणपत्रानंतर शक्य होती. १९९५ मध्ये विधिमंडळाने संमत केलेल्या दुरुस्तीला राष्ट्रपतींची मान्यता मिळून ती २०१५ मध्ये अमलात आली आणि बैल व वळू यांच्या कत्तलीसही बंदी झाली. ६ मे २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी वैध ठरवली. मात्र परराज्यात कायदेशीररीत्या मिळवलेले मांस बाळगण्यास गुन्हा ठरवणारे कलम न्यायालयाने रद्द केले. म्हशी आणि रेडे पूर्ण बंदीच्या कक्षेबाहेर राहिले. त्यांच्यासाठी प्रमाणपत्राची अट आहे.

१६.
याचा परिणाम गोठ्यावर झाला. म्हातारा बैल विकून येणाऱ्या पैशांत नवा बैल घेणे ही शेतकऱ्याची जुनी तजवीज होती. ती संपली. त्याच सुमारास चिखलणीला पॉवर टिलर आले आणि माणसे मुंबईला गेली. कोकणातील रस्त्यांवर दिसणारी मोकाट गुरे हा याच बदलाचा एक भाग. गोरक्षणाचा हेतू आणि गुराची प्रत्यक्ष अवस्था यांतील हे अंतर शासनकर्त्यांना आणि अभ्यासकांना दोघांनाही टाळता येणार नाही.

१७.
थेट खरेदीची एक पद्धत मात्र गावांत अजून जिवंत आहे : वाटा. सणाच्या किंवा देवाच्या राखणीच्या निमित्ताने काही घरे मिळून रानात चरलेला बोकड घेतात. तो कापल्यावर केळीच्या पानांवर समान ढीग घातले जातात. प्रत्येक ढिगात मांडी, बरगडी, काळीज यांचा थोडाथोडा अंश पडतो. चांगला तुकडा एकाला आणि हाडे दुसऱ्याला, असे होत नाही. बोकड कोणाचा आणि कोठे चरला, हे सर्वांना ठाऊक असते. अमेरिकी शेतावरील ‘पाव जनावर’ आणि कोकणी वाटा यांत तत्त्व एकच आहे.

१८.
तरीही वाट्याचे गौरवीकरण करण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा : त्या पानांभोवती कोण बसत होते आणि कोणाला बोलावले जात नव्हते? त्याच गावात, त्याच गवतावर वाढलेल्या गुराचे मांस गावकुसाबाहेर कोणत्या अटींवर पोहोचत होते? ‘नैसर्गिक’ हा शब्द जनावराच्या चाऱ्याविषयी सांगतो, माणसांतील संबंधांविषयी तो काहीच सांगत नाही. महाडच्या परिषदेने जे अन्न नाकारले, ते आजच्या व्याख्येने संपूर्ण नैसर्गिक होते. त्याची किंमत मात्र माणुसकीने मोजावी लागत होती.

१९.
या इतिहासाची साधने दप्तरांत थोडी आणि स्मृतीत जास्त आहेत. फणसवळ्यात जन्मलेल्या ऊर्मिला पवार यांच्या ‘आयदान’मध्ये डोंगर उतरून रत्नागिरीच्या बाजारात लाकूडफाटा आणि गवत विकायला येणाऱ्या बायांचे चित्र आहे, अशा नोंदी आणखी हव्यात. आपल्या घरी आजी-आजोबा असतील तर त्यांना विचारा : वाटा कसा पडत असे, कोणाला मिळे, कोणाला नाही, मांस कशात शिजे, मेलेले जनावर कोण नेई आणि ते नेणे कोणत्या वर्षी थांबले. उत्तर तारखेसह लिहून ठेवा. त्यांच्यामागून ते सांगणारे कोणी उरणार नाही.