मुद्रा : दप्तरातली, बंदिशीतली आणि छापखान्यातली

'मुद्रा' म्हणजे ठसा, शिक्का. कायदा, गायन आणि ग्रंथव्यवहार या तिन्ही क्षेत्रांनी हा शब्द स्वीकारला. परंतु 'हे कोणाचे?' या प्रश्नाला तिन्ही मुद्रा निरनिराळी उत्तरे देतात.

कोल्हापूरच्या पुरालेखागारात करवीर संस्थानची कागदपत्रे जतन केलेली आहेत. मराठेशाहीतील राजपत्राच्या माथ्यावर राजमुद्रा असे आणि अखेरीस मोर्तब. मुद्रा आज्ञा कोणाची हे सांगे. मोर्तब मजकूर येथे संपला असे बजावी. 'शिक्कामोर्तब' हा आपल्या नित्याच्या वापरातला शब्द तेथलाच. पत्र लिहिणाऱ्या चिटणिसाला मात्र या मुद्रेत स्थान नाही. ती अधिकाराची खूण आहे, कर्तृत्वाची नव्हे.

बंदिशीतली नाममुद्रा याच्या उलट. नियामत खाँ 'सदारंग' झाले. काही काळ कोल्हापुरात राहिलेले जगन्नाथबुवा पुरोहित (1904–1968) 'गुणीदास' झाले. येथे रचनाकार स्वतःच मुद्रेत असतो. मात्र ही मुद्रा मजकूर बंद करीत नाही. कंठागणिक शब्द बदलतात, स्वरांची वळणे बदलतात; नाव तेवढे टिकते. तुकोबांच्या नाममुद्रेचे कितीतरी अभंग प्रक्षिप्त मानले जातात, ते यामुळेच.

छापखान्यात 'मुद्रा'पासून 'मुद्रण' आणि 'मुद्रक' आले. 1867 च्या कायद्याने प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचे नाव आणि मुद्रणस्थळ छापणे बंधनकारक केले. ही ना अधिकाराची खूण, ना कर्तृत्वाची. सरकारने जाब कोणाला विचारायचा, याची ती नोंद. 2023 च्या नव्या कायद्याने तो कायदा रद्द केला आणि पुस्तके त्या चौकटीबाहेर गेली.

या तीन अर्थांची गाठ 1957 च्या कॉपीराइट कायद्यात पडली. त्यातील मूळ व्याख्येनुसार छापलेली, लिहिलेली किंवा अन्य रीतीने चिन्हांकित केलेली स्वररचना हीच 'संगीतकृती' होती. ही अट 1994 च्या दुरुस्तीने गेली. म्हणजे सुमारे सदतीस वर्षे केवळ मुखोद्गत असलेल्या बंदिशीच्या स्वररचनेला, तिच्यात रचनाकाराचे नाव गुंफलेले असूनही, कायद्याच्या लेखी अस्तित्व नव्हते. गायलेली मुद्रा पुरेशी नव्हती. मुद्रण किंवा लेखन हवे होते.

साहित्याच्या अभ्यासकाने यातून एवढे घ्यावे : संहितेत नाव दिसताच कर्ता सापडला असे मानू नये. ते नाव आज्ञा देणाऱ्याचे, रचणाऱ्याचे की जाब देणाऱ्याचे, हे आधी विचारावे. कर्तृत्वाची चर्चा त्यानंतरची.