एलिया आणि कालवरी

उपवासकाळात 'कालवरी डोंगर' हे शब्द आपल्या उपासनामंदिरांतून वारंवार कानी पडतात. वस्तुतः तेथे डोंगर होता असे चारही शुभवर्तमानांत कोठेच म्हटलेले नाही. 'कालवरी' हा शब्दही मूळ ग्रीक लेखनातील नव्हे. मत्तय, मार्क व योहान 'गुलगुथा' हे नाव देऊन त्याचा अर्थ सांगतात. लूक केवळ 'कवटी' या अर्थाचा ग्रीक शब्द योजितो. संत जेरोम यांच्या लॅटिन बायबलात त्या जागी 'काल्वारिया' हा शब्द आहे. त्याचाही अर्थ कवटीच. पण तोच पुढे विशेषनाम होऊन बसला. टेकाडाचा निर्देश इ. स. ३३३ मधील बोर्डोच्या यात्रेकरूच्या वृत्तान्तात आढळतो. आदामाची कवटी तेथे पुरली होती ही कथा तिसऱ्या शतकात ओरिजेनला ठाऊक होती. जेरोम यांनी मात्र ती नाकारून, तेथे गुन्हेगारांचा शिरच्छेद होत असे म्हणून हे नाव पडले, असे मत दिले.

त्याच नगराला दुसरे एक लॅटिन नाव राजाज्ञेने मिळाले होते. दुसऱ्या शतकात सम्राट हेड्रियनने यरुशलेमेच्या अवशेषांवर रोमी वसाहत उभारून तिला 'एलिया कॅपिटोलिना' म्हटले. 'एलिया' हे त्याचे कुलनाम; 'कॅपिटोलिना' हे ज्युपिटर देवाच्या कॅपिटोल टेकडीवरून. हे नाव इतके रुळले की, सुमारे ३१० साली कैसरियात एका ख्रिस्ती बंदिवानाने आपले नगर 'यरुशलेम' असे सांगितले, तेव्हा रोमी सुभेदाराला ते नगर कोणते हेच उमजेना, असे युसेबियस लिहितो. बंदिवानाच्या मनात स्वर्गीय यरुशलेम होते. इ. स. ३२५ च्या नायसिया परिषदेचा सातवा नियमही त्या धर्मप्रांताला 'एलिया'च म्हणतो. पुढे अरबी अमलातही 'इलिया' हे रूप काही काळ चालले.

आज 'एलिया' इतिहासग्रंथांपुरते उरले आहे. 'काल्वारिया' मात्र भक्तिगीतांत जिवंत आहे, आणि शरीरशास्त्रात कवटीच्या घुमटाकार भागासही तेच नाव आहे. सम्राटाने अभिमानाने दिलेले नाव लोपले. वधस्थानाचे नाव टिकले. म्हणून धर्मशिक्षकांनी 'कालवरी' उच्चारताना रम्य गिरिशिखर नव्हे, तर कवटीची ती जागा श्रोत्यांपुढे उभी करावी. शुभवर्तमानकारांनी नावाचा अर्थ मुद्दाम सांगितला आहे. तो आपण झाकून ठेवू नये.