साहाय्य आणि सान्निध्य : हिंदी चित्रपटातील अपंगांच्या इच्छेचा इतिहास

हिंदी चित्रपटाने अपंग व्यक्तीला दीर्घकाळ करुणेचा विषय किंवा त्यागाचे प्रतीक एवढेच स्थान दिले. 'दोस्ती' (१९६४) मधील अंध आणि पायाने अधू असे दोन मुलगे कष्टाने जगतात. मात्र ते किशोरवयीन असल्यामुळे देहाच्या इच्छेचा प्रश्नच उद्भवत नाही. स्वावलंबन मान्य, सहवासाची ओढ मात्र अदृश्य, अशी ही सोयीची विभागणी होती.

गुलजार यांच्या 'कोशिश'ने (१९७२) ही विभागणी मोडली. येथील मूकबधिर जोडपे प्रेम करते, संसार थाटते, अपत्य गमावते आणि पुन्हा उभे राहते. परंतु शेवटी पिता आपल्या ऐकू-बोलू शकणाऱ्या मुलाला मूकबधिर मुलीशी विवाह करण्यास भाग पाडतो. त्या मुलीच्या इच्छेला कथानकात स्थान नाही. ज्याने स्वतःचे स्वातंत्र्य कमावले, तोच दुसऱ्या अपंग व्यक्तीची परीक्षा कर्तव्याच्या कसोटीवर घेतो, ही विसंगती चित्रपटाच्या लक्षात येत नाही.

सई परांजपे यांचा 'स्पर्श' (१९८०) या दृष्टीने निर्णायक ठरतो. अंधशाळेचा प्राचार्य अनिरुद्ध 'बेचारा' या शब्दालाच हरकत घेतो. पाहुणचाराच्या वेळी कविता कॉफी देण्यास सहजपणे पुढे होते, तेव्हा तो संतापतो. हा प्रसंग वरवर किरकोळ आहे. पण मदत कोठे संपते आणि दया कोठे सुरू होते, हा चित्रपटाचा मध्यवर्ती प्रश्न त्यात सामावलेला आहे. विधवा कविता आपल्या जीवनातील पोकळी भरण्यासाठी त्यागाचा मार्ग पत्करत आहे, या शंकेने तो ठरलेला विवाह मोडतो. येथे अपंगत्वापेक्षा स्वाभिमान हाच सान्निध्यातील अडथळा होतो. किंबहुना स्वावलंबन म्हणजे कोणाचीही गरज नसणे, ही अनिरुद्धची समजूतच चित्रपट तपासून पाहतो. शाळेतील विद्यार्थ्यांच्या भूमिकांत खरी अंध मुले असल्याने या प्रश्नाला वास्तवाचे अधिष्ठान लाभते.

तरीही इच्छा व्यक्त करण्याचा अधिकार प्रथम पुरुषाला मिळाला. 'ब्लॅक' (२००५) मधील मिशेल शिक्षकाकडे चुंबन मागते. ते मिळते, पण त्यापाठोपाठ शिक्षक तिच्या जीवनातून निघून जातो. स्त्रीने इच्छा उच्चारावी आणि कथानकाने तिची किंमत वसूल करावी, असा हा व्यवहार आहे.

शोनाली बोस यांच्या 'मार्गारिटा विथ अ स्ट्रॉ' (२०१४) मध्ये सेरेब्रल पाल्सी असलेली लैला ही किंमत नाकारते. तिचे आकर्षण पुरुषांकडेही आहे आणि अंध खानुमकडेही. ती चुकते, प्रतारणाही करते. म्हणजेच तिला आदर्श असण्याच्या सक्तीतून मुक्ती मिळते. स्नानासाठी आईवर अवलंबून असलेली हीच मुलगी आपल्या खासगीपणासाठी आईशी भांडते. अवलंबन आणि स्वातंत्र्य ही परस्परविरोधी टोके नसून एकाच नात्याची दोन अंगे आहेत, हे येथे प्रथमच स्पष्ट होते. स्वतःबरोबरच ठरवलेल्या भेटीने होणारा शेवट म्हणूनच एकाकीपणाचा वाटत नाही.

मात्र अनिरुद्ध, मिशेल आणि लैला या तिन्ही भूमिका अपंगत्व नसलेल्या कलावंतांनीच केल्या आहेत. इच्छेला पडद्यावर स्थान मिळाले, ती अनुभवणाऱ्या देहाला अद्याप पुरेसे मिळालेले नाही. या इतिहासाचा पुढचा टप्पा तेथूनच सुरू व्हावयास हवा.