इथे घडवायचं, तिथे चालवायचं

'क्रॉस-कंपायलिंग' हा शब्द आमच्या घरात गेली वीसेक वर्षं अधूनमधून कानावर पडतो, आणि तो काय प्रकार आहे हे अजून कुणाला नीटसं कळलेलं नाही. लिहीन लिहीन म्हणता राहून जात होतं. आज त्याच्याबद्दल, आणि मुख्यतः त्याच्या इतिहासाबद्दल. तंत्रज्ञ मंडळींनी सोप्या भागावरून पटकन पुढे जावं, आत्या-काकूंनी अवघड भागावरून. मधे कुठेतरी भेटूच.

आधी सोपा भाग. आपण प्रोग्रॅम लिहितो तो माणसाला वाचता येईल अशा भाषेत. प्रोसेसरला मात्र फक्त त्याची स्वतःची यंत्रभाषा कळते. पहिल्याचं दुसऱ्यात रूपांतर करणारा तो कंपायलर. सगळ्या प्रोसेसरांची यंत्रभाषा एक नसते. टेबलावरच्या पीसीतल्या इंटेलची वेगळी, खिशातल्या मोबाईलमधल्या आर्मची वेगळी. इंटेलच्या यंत्रावर बसून आर्मला समजेल असा प्रोग्रॅम तयार करायचा, म्हणजे क्रॉस-कंपायलिंग. ज्यावर घडवायचं ते यजमान यंत्र, ज्यावर चालवायचं ते लक्ष्य यंत्र.

आमच्या आष्टीत (वर्धा जिल्ह्यातली नव्हे, बीडची) हे समजावणं खरं तर सोपं आहे. दसरा-दिवाळीच्या सुमाराला इथून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. फडावर लोहाराची भट्टी नसते. कोयता गावातच शेवटून, पाणी देऊन, धार लावून न्यायचा. लोहाराने तो फड आयुष्यात पाहिलेला नसला तरी चालतं, पण तिथे काय तोडायचंय हे त्याला पक्कं माहीत पाहिजे. भट्टी एकीकडे, फड दुसरीकडे. क्रॉस-कंपायलिंग ते एवढंच.

आता असं का करावं लागतं? लक्ष्य यंत्र बऱ्याचदा लहान असतं म्हणून. कधीकधी तर ते अजून जन्मालाच आलेलं नसतं! १९७५ साली बिल गेट्स आणि पॉल ॲलन यांनी आल्टेअर नावाच्या छोट्या संगणकासाठी बेसिक लिहिलं, तेव्हा त्यांच्यासमोर आल्टेअर नव्हता. हार्वर्ड विद्यापीठातल्या पीडीपी-१० या मोठ्या यंत्रावर ॲलनने त्यातल्या प्रोसेसरची नक्कल उभी केली, आणि सगळं काम त्या नकलेवर झालं. खुद्द आर्मची जन्मकथाही अशीच. इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी १९८३ साली हा प्रोसेसर आखायला घेतला. चिप हातात येण्याआधी विल्सन यांनी त्याच्या आज्ञासंचाची नक्कल बीबीसी बेसिकमध्ये लिहून पाहिली. एप्रिल १९८५ मध्ये पहिली चिप आली आणि आल्याबरोबर चालली. हाच बीबीसी मायक्रो संगणक १९८४ मध्ये भारत सरकारच्या 'क्लास' योजनेत आपल्याकडच्या काही शाळांमध्ये आला होता. म्हणजे आर्म ज्या यंत्राच्या कुशीत वाढला, ते यंत्र आपल्या पोरांनी तेव्हाच हाताळलं होतं.

त्या पहिल्या चिपचा एक किस्सा प्रसिद्ध आहे. ती किती वीज खाते हे मोजायला गेले तर मीटरवर शून्य. पाहतात तो काय, विजेची मुख्य तार जोडलेलीच नाही! बाकीच्या पायांमधून झिरपणाऱ्या विजेवरच चिप चालू होती. भारनियमनात वाढलेल्या माणसाला या चिपबद्दल आपुलकी का वाटते, हे वेगळं सांगायला नको.

चिप झाली, पण तिच्यासाठी फुकट आणि मोकळी भट्टी कुठून आली? रिचर्ड स्टॉलमनने १९८७ मध्ये जीसीसी हा कंपायलर प्रसिद्ध केला. पुढे त्यात एकेका प्रोसेसरची भर पडत गेली, आणि एका यंत्रावर बसून दुसऱ्यासाठी घडवायची सोयही. १९८९ मध्ये निघालेल्या सिग्नस कंपनीने तर अशा कंपायलरांवरच धंदा उभा केला. कंपायलर फुकट, तो जुळवून देण्याचे आणि सांभाळण्याचे पैसे. लिनक्स आर्मवर आणायचं काम इंग्लंडमध्ये रसेल किंगने १९९४ च्या सुमारास सुरू केलं. जाता जाता एक गंमत. एका यंत्रावर बसून, दुसऱ्यावर चालेल असा, तिसऱ्यासाठी घडवणारा कंपायलर तयार करतात, त्याला 'कॅनेडियन क्रॉस' म्हणतात. का? तर हे नाव पडलं तेव्हा कॅनडात तीन राष्ट्रीय पक्ष होते! आपल्याकडच्या आघाड्या पाहता हे नाव भारतीय असायला हरकत नव्हती. असो.

आपल्याकडे काय झालं? १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक निघालं. अमेरिका महासंगणक द्यायला खळखळ करत होती, तेव्हा डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा राहिला. त्यातले प्रोसेसर ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर होते. ट्रान्सप्युटरला स्वतःचा कळफलक नाही, पडदा नाही, डिस्क नाही. शेजारी यजमान यंत्र ठेवायचं आणि तारेतून प्रोग्रॅम आत सोडायचा. भट्टी आणि फड वेगळे, हे आपल्याकडच्या मंडळींनी तेव्हाच पचवलं होतं.

दहा वर्षांनी, २००१ मध्ये, बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापकांनी आणि एन्कोर कंपनीच्या अभियंत्यांनी सिम्प्युटर लोकांसमोर ठेवला. हातात मावणारा, नऊएक हजारांत बसवायचा असं ठरवलेला, आत स्ट्राँगआर्म प्रोसेसर आणि लिनक्स. भारतीय भाषांत बोलून दाखवावं ही अपेक्षा. विक्री काही हजारांच्या पुढे गेली नाही, आणि आज त्याला फसलेला प्रयोग म्हणून मोकळं होतात. पण तो संगणक घडवताना इथल्या लोकांना आर्मसाठीची सगळी हत्यारं स्वतः जुळवावी लागली, हा त्याचा नफा कुणी जमेला धरत नाही.

मग आला आकाश. ५ ऑक्टोबर २०११ ला पहिला, तो बराच अशक्त निघाला. पुढची जबाबदारी पवईच्या आयआयटी मुंबईकडे आली, आणि ११ नोव्हेंबर २०१२ ला आकाश-२ आला. एक गिगाहर्ट्झचा आर्म कॉर्टेक्स-ए८, ५१२ एमबी मेमरी, सात इंची पडदा. तो कुठे बनला यावर वर्तमानपत्रांत भरपूर वाद झाला. त्या धुरळ्यात एक गोष्ट झाकली गेली. पवईच्या फॉसी प्रकल्पातल्या मंडळींनी अँड्रॉइडवर न थांबता त्या टॅबलेटवर ग्नू/लिनक्स चालवून दाखवलं, आणि विद्यार्थ्यांना त्यावरच सी, पायथन, सायलॅबचे प्रोग्रॅम लिहिता यावेत अशी सोय केली. माझ्या मते आकाशच्या कथेतलं हे सगळ्यात मोलाचं पान. टॅबलेट नुसता वापरायचा नाही, त्यावर घडवायचंही.

आता अवघड भाग, थोडक्यात. आज डेबियनवर एका आज्ञेत आर्मचा कंपायलर बसतो. पूर्वी तो स्वतः घडवावा लागे, आणि त्यात कोंबडी-अंड्याचा पेच असे. पूर्ण जीसीसी तयार व्हायला लक्ष्य यंत्राची सी लायब्ररी लागते, आणि ती लायब्ररी कंपाइल करायला लागतो जीसीसी! मग आधी बायनयुटिल्स, त्यानंतर लायब्ररीशिवायचा अर्धा कच्चा जीसीसी, लिनक्स कर्नलच्या हेडर फाइल्स, अर्ध्या जीसीसीने सी लायब्ररी, आणि शेवटी तिच्या आधाराने पुन्हा पुरा जीसीसी. कोणती आवृत्ती कोणाशी जुळते हे ज्याचं त्याने शोधायचं. डॅन केगेलच्या 'क्रॉसटूल'ने ती जुळणी लिहून ठेवली, तेव्हा कुठे सुटका झाली.

मी हे पहिल्यांदा केलं ते आष्टीत, २००६ मध्ये. मेमरीची एक पट्टी आणायची तरी एसटीने नगर गाठावं लागे (आता अहिल्यानगर, २३ सप्टेंबर २०२२ पासून तिथून आष्टीपर्यंत रेल्वेही आली). कंपायलर घडायला आख्खी रात्र लागायची आणि वीज तर रोज दहा-दहा तास गायब. 'मेक' हा प्रोग्रॅम फाइलींच्या वेळा पाहून राहिलेलं तेवढंच काम पुढे नेतो, हे खरं. पण वीज जाते त्या क्षणी लिहिली जात असलेली फाइल कधीकधी शून्य बाइटची उरते, आणि तिच्यावरची वेळ मात्र ताजी. 'मेक'ला वाटतं ही झालीये. तीन तासांनी शेवटच्या जोडणीत सगळं कोसळतं. वीज आल्यावर आधी शून्य बाइटच्या फाइली शोधून पुसायच्या आणि मग पुढे चालू करायचं, ही माझी तेव्हाची पूजा. भारनियमन असलेल्या गावात एवढं एक कलम सूचनांमध्ये जास्तीचं लागतं.

दुसरी अडचण जास्त फसवी. आर्मची यंत्रभाषा एकच असली तरी देवाणघेवाणीचे करार अनेक. दशांश आकडे एका फंक्शनकडून दुसऱ्याकडे साध्या रजिस्टरांतून द्यायचे की दशांश गणितासाठीच्या खास रजिस्टरांतून? एकाने दिवाणावर पैसे ठेवले आणि दुसरा गल्ल्यात शोधतोय, अशी गत. डेबियनने २०१३ मध्ये खास रजिस्टरांचा करार 'आर्म-एचएफ' नावाने अधिकृतपणे आणला. दोन्ही प्रकारच्या लायब्रऱ्या एकत्र चालत नाहीत.

हे सगळं कशासाठी, असं आत्या विचारणारच. एक उदाहरण देतो. आमच्या भागात शेतीइतकाच दुधाचा आधार. माझ्या एका मित्राचं संकलन केंद्र आहे. तिथल्या यंत्रातून निघणारी पावती इंग्रजीत. लिटर, फॅट, एसएनएफ, दर, सगळं. घालणाऱ्या निम्म्या बायकांना ती वाचता येत नसे. वाचता न येणाऱ्या पावतीवर भांडता येत नाही. यंत्र सुरू होताना निघणाऱ्या ओळींवरून आत आर्म आणि लिनक्स असल्याचं दिसत होतं. लिनक्सच्या परवान्याप्रमाणे कर्नलचा सोर्स मागायचा हक्क आपला. मित्राने पत्र पाठवलं, उत्तर आलं नाही. आणि कर्नल मिळाला असता तरी पावती छापणारा प्रोग्रॅम त्यांचाच होता.

मग २०१४ मध्ये आम्ही यंत्राच्या सिरियल पोर्टला एक रास्पबेरी पाय जोडला. आकडे तो घेणार आणि मराठीत पावती छापणार. प्रिंटरला देवनागरी येत नाही, म्हणून अक्षरांचं चित्र करून पाठवायचं. पहिल्या पावतीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे पडलेली, जोडाक्षरं फुटलेली. 'कि'ने सुरू होणाऱ्या नावाच्या आजी म्हणाल्या, "हे माझं न्हाई." बरोबरच होतं. अक्षरं जुळवणारी हार्फबझ लायब्ररी आर्मसाठी माझ्या पीसीवर कंपाइल केली. तिथेही जोडणीच्या वेळी पीसीच्या स्वतःच्या लायब्रऱ्या मधे घुसत होत्या. लक्ष्य यंत्राच्या फाइलींची वेगळी खोली करून (तिला सिसरूट म्हणतात) दाराला कडी लावली, तेव्हा जमलं. आता पावतीवर नाव नीट येतं. पुढच्याच आठवड्यात त्याच आजींनी अर्ध्या लिटरवरून मित्राशी हुज्जत घातली. आणि त्या बरोबर होत्या.

या उद्योगात मला राहून राहून मराठी छपाईची आठवण येते. विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण १८०५ मध्ये छापलं गेलं ते श्रीरामपूरला (नगर जिल्ह्यातलं नव्हे, बंगालमधलं). वाचक इकडे, खिळे ओतणारे तिकडे. १८६९ मध्ये जावजी दादाजींनी मुंबईत निर्णयसागर काढला आणि त्यांच्या देखण्या देवनागरी खिळ्यांचं नाव देशभर झालं. भट्टी आपल्याकडे आली तेव्हा अक्षराचं वळणही आपल्या हातात आलं. नुसतं छापलेलं मिळत होतं तोवर ते येत नव्हतं.

आर्मचंही तेच आहे. आज देशातल्या जवळजवळ प्रत्येक मोबाईलमध्ये आर्म आहे. पुण्याच्या सी-डॅकने आर्मच्याच आराखड्यावर 'औम' नावाचा ९६ गाभ्यांचा प्रोसेसर आखायला घेतल्याचं जाहीर केलंय. आपली यंत्रं लक्ष्य आहेतच, कायम होती. प्रश्न यजमान कोण एवढाच. आता तर मोबाईलवरच कंपायलर बसतो, म्हणजे भट्टी आणि फड एकाच खिशात. हल्ली इथली दहावी-बारावीची पोरं माझ्याकडे येतात तेव्हा मी त्यांना आधी ॲप दाखवत नाही. चार ओळींचा सीचा प्रोग्रॅम लिहून तो दोनदा कंपाइल करायला लावतो, एकदा पीसीसाठी, एकदा आर्मसाठी. दुसरा पीसीवर चालत नाही. का चालत नाही, असं ज्याने विचारलं त्याला दुसऱ्या दिवशी परत बोलावतो.