लंडी कोतलचा दूरध्वनी

बंदिवासाचे वाङ्मय म्हटले की आमच्या यवतमाळ जिल्ह्यातील एम.ए.च्या विद्यार्थ्यांना ‘माझी जन्मठेप’ आठवते. फार तर साने गुरुजींचा नाशिकचा तुरुंग. ते सारे राजबंदी. युद्धकैद्याची गोष्ट निराळी. तो कायद्याने गुन्हेगारच नसतो. १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार त्याचे पलायन फसले तर शिस्तभंगाची, कमाल ३० दिवसांची शिक्षा होते, एवढेच. मराठी समीक्षेने या अनुभवाकडे जवळजवळ पाठच फिरवली आहे, असे आम्हांला वाटते.

फ्लाइट लेफ्टनंट दिलीप पारूळकर यांचे विमान डिसेंबर १९७१ मध्ये पाकिस्तानात पडले. रावळपिंडीच्या छावणीत त्यांनी गरेवाल आणि हरीश सिंहजी यांच्यासह कोठडीची भिंत फोडली आणि १३ ऑगस्ट १९७२ च्या पहाटेपूर्वी तिघे निसटले. दिशा कळायला त्यांच्यापाशी शाळकरी नकाशावही होती. तिने घात केला. नकाशात पाहून त्यांनी लंडी कोतलला लंडी खान्याची वाट विचारली. पण तिथली रेल्वे १९३२ मध्येच बंद झालेली! अफगाण सीमा चारेक मैलांवर असताना तिघे संशयित ठरले.

आम्ही थबकतो ते पुढच्या प्रसंगापाशी. जमातींच्या त्या मुलखात अनोळखी माणसाचा जीव जाणे अवघड नव्हते. आम्ही पाकिस्तानी हवाई दलाचेच आहोत, असे सांगत पारूळकरांनी हवाई दलप्रमुखांच्या एडीसींना दूरध्वनी लावायला सांगितले. हे एडीसी म्हणजे स्क्वाड्रन लीडर उस्मान हमीद, छावणीचे पूर्वीचे प्रमुख. म्हणजे ज्याच्या कैदेत राहिलो, त्याच्याच नावावर भरवसा! उस्मान यांनीही तो राखला. ही आपली माणसे आहेत, यांना सांभाळा, असा निरोप दिला. तिघे पुन्हा कैदेत गेले, पण जिवंत. १ डिसेंबर १९७२ रोजी वाघ्याहून सारे कैदी परतले.

क्षमा ही सुटकेनंतर सवडीने करायची गोष्ट, असे आपण सहसा मानतो. इथे ती संकटाच्या क्षणीच कामी आली. शत्रुपक्षातला एक माणूस भला आहे, हे ज्याच्या मनाने आधीच नोंदवले नसेल, त्याला तो दूरध्वनी सुचणार कसा? पारूळकरांचा आशावाद तरी यापेक्षा निराळा कुठे होता? फेथ जॉन्स्टन यांच्या पुस्तकात (२०१३) आणि सहकैदी धीरेंद्र जाफा यांच्या आठवणींत उस्मान खलनायक नाहीत. विद्यार्थ्यांनी ही पुस्तके त्यासाठी तरी वाचावीत. (शौर्यकथा म्हणून ती वाचली जातातच.) पारूळकर ऑगस्ट २०२५ मध्ये निवर्तले.

पण ही क्षमा परतलेल्याची आहे, हे विसरता येत नाही. त्याच युद्धात फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे बेपत्ता झाले. परत न आलेल्या ५४ जणांच्या यादीत त्यांचे नाव आहे. पत्नी दमयंती तांबे, बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, लग्नाला जेमतेम दीड वर्ष झालेले. २००७ मध्ये बेपत्तांच्या १४ नातलगांना पाकिस्तानातील तुरुंग दाखवण्यात आले, पण हाती काही लागले नाही. त्यांनी क्षमा करावी ती कोणाला? त्यांच्यासाठी लंडी कोतलहून कोणाचा दूरध्वनी आलाच नाही.