न मागितलेली पत्रे आणि कायदा



कारखान्याच्या फाटकावर हस्तपत्रके वाटण्यात ज्याची उमेदीची वर्षे गेली, त्या माणसाने न मागितलेल्या पत्रांच्या कायद्यावर बोलावे, हे जरा गमतीचेच आहे. परंतु हस्तपत्रकाचा कागद आणि छपाई यांचा खर्च वाटणाऱ्याच्या खिशातून जातो. जाहिरातीच्या ई-मेलचे तसे नाही. हजार पत्रे धाडा की दहा लाख, धाडणाऱ्याला जवळजवळ सारखेच पडते. ती साठविण्याचा आणि निवडून टाकण्याचा भार घेणाऱ्यावर व ई-मेल वाहणाऱ्या कंपनीवर पडतो. हा भार कोणी उचलावा, याच भांडणातून हे कायदे जन्मले.

आरंभ १९७८ सालचा. ३ मे रोजी अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट या संगणक-कंपनीच्या गॅरी थर्क यांनी आर्पानेट या जाळ्यावरील सुमारे ४०० जणांना नव्या यंत्रांच्या प्रात्यक्षिकाचे आमंत्रण धाडले. जाळे सरकारी कामापुरते होते. चालकांनी कंपनीला खडसावले. तेवढ्यावर भागले, कारण गाव लहान होते. पुढे व्यापाराला दारे उघडली आणि खडसावण्याला कोणी भीक घालीना.

खरा सामना २००३ साली झाला. व्यक्तीला जाहिरातीचे पत्र धाडण्यापूर्वी सामान्यतः तिची संमती हवी, असे युरोपीय संघाने आदल्याच वर्षी ठरविले होते. कॅलिफोर्निया राज्याने त्याच धर्तीचा कायदा केला आणि ज्याला पत्र आले त्याला दर पत्रामागे १,००० डॉलरपर्यंत मागण्याचा हक्क दिला. तो १ जानेवारी २००४ पासून अमलात यावयाचा होता. तत्पूर्वीच, १६ डिसेंबरला, अध्यक्ष बुश यांनी ‘कॅन-स्पॅम’ या केंद्रीय कायद्यावर सही केली आणि राज्याच्या कायद्यातील संमतीची अट निष्प्रभ झाली. केंद्राच्या कायद्यात फसव्या शीर्षकाला बंदी आहे; ‘नको’ म्हटल्यावर कामाच्या १० दिवसांत थांबावे लागते. पण पहिले पत्र विनासंमती येऊ शकते, आणि ज्याला ते येते त्याला दावा लावता येत नाही. तो अधिकार सरकारी यंत्रणांना आणि ई-मेल सेवा देणाऱ्या कंपन्यांना. संरक्षण द्यावयाचे आणि फिर्यादीचा हक्क हातात ठेवावयाचा नाही, हा प्रकार आम्हां कामगारांच्या चांगल्या ओळखीचा आहे!

त्याच वर्षीचा एक निकाल मात्र मला अधिक मोलाचा वाटतो. इंटेल कंपनीने कामावरून काढलेल्या केन हमिदी यांनी कंपनीच्या नोकरीविषयक धोरणावर टीका करणारी पत्रे सहा वेळा, एकेका खेपेला ३५,००० पर्यंत कामगारांना, ई-मेलने धाडली. ज्यांनी नको म्हटले त्यांची नावे त्यांनी गाळली. आमच्या यंत्रांवर हे अतिक्रमण आहे, असे कंपनीचे म्हणणे. खालच्या दोन न्यायालयांनी ते मानले. ३० जून २००३ रोजी कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध ३ मतांनी ते फेटाळले. यंत्रे बिघडली नव्हती की अडली नव्हती. कंपनीला खुपला होता तो मजकूर. सहा महिन्यांनी झालेल्या ‘कॅन-स्पॅम’नेही व्यापारी पत्रांपुरतेच स्वतःला बांधून घेतले, आणि असली पत्रे त्याच्या कक्षेबाहेर राहिली.