अस्वलकुत्र्याच्या घरी जाताना

डोळे उघडायची घाई करू नका. आधी रुमाल, ओढणी, जे हाताशी असेल ते नाकावर बांधा, कारण इथला पहिला श्वास घशातच अडकतो. हवेत राख आहे. पश्चिमेला, नजरेच्या कितीतरी पलीकडे ज्वालामुखी धुमसताहेत, आणि त्यांची बारीक, काचेरी धूळ वारा इथवर आणून टाकतोय. ती दातांखाली करकरते, पापण्यांवर बसते, कानात शिरते. खोकून घ्या. सवय होईल.

आता बघा. ही जागा उत्तर अमेरिकेतली. आज तिला नेब्रास्का म्हणतात, त्याचा हा वायव्य कोपरा. काळ जवळजवळ २ कोटी वर्षांपूर्वीचा. आपल्या सह्याद्रीचा काळा दगड एव्हाना म्हातारा झालाय; माणसाचा मात्र अजून पत्ता नाही, तेव्हा वाट विचारायची सोय नाही. चोहोकडे वाळलेलं गवत, मधूनच एखादं झाड आणि डोक्यावर भाजून काढणारं ऊन. चला, मी सांगतो त्या दिशेनं.

पाऊल मात्र जपून टाका. तो मातीचा ढीग दिसतोय ना, त्याच्या शेजारीच भोक आहे. ते बीव्हरचं घर. हा बीव्हर पाण्यात बांध घालणारा नव्हे. कोरड्या माळावर राहणारा आणि पुढच्या दातांनी माती कोरून खाली जाणारा. त्याचं बीळ मळसूत्री आहे, गोल गोल वळत माणसाच्या उंचीहूनही खोल जातं. पुढे हीच बिळं दगड होऊन उघडी पडतील, तेव्हा माळावरची माणसं त्यांना सैतानाचा स्क्रू म्हणतील आणि विद्वान मंडळी आधी पाण्यातला स्पंज, मग वनस्पती असे तर्क लढवतील. तुम्हाला ती चूक करायचं कारण नाही. भोकातून दोन मिशाळ नाकपुड्या तुम्हालाच हुंगताहेत.

वास येतोय का? आधी ओल्या चिखलाचा, मग शेणाचा आणि त्यामागून सडक्या मांसाचा. म्हणजे पाणी जवळ आलं. पाऊस लांबलाय आणि माळावर एवढंच डबकं उरलंय. उन्हाळ्यात गावात टँकर शिरल्यावर जी रेटारेटी होते, तीच इथं चाललीय, फक्त हातात कळशा नाहीत आणि भांडणं मिटवायला सरपंच नाही. पुढे घुसलेत ते मेनोसेरस, डुकराएवढे बुटके गेंडे. त्यांच्यातल्या नरांच्या नाकावर शेजारी शेजारी दोन शिंगं आहेत. ते एकमेकांना ढुशा देतात, चिखलात रुततात, फुरफुरतात. तुमच्या पोटरीला एकाची खरखरीत कातडी घासून जाते. मागे चिमुकल्या, काटकुळ्या उंटांचा कळप मान उंच करून ताटकळतोय. आणि तो घोड्याच्या तोंडाचा अवाढव्य प्राणी बघा. घोडा समजून जवळ जाल तर पायांकडे आधी लक्ष द्या. खूर नाहीत, नख्या आहेत. तो मोरोपस. फांद्या ओढून पाला खाणारा, स्वभावानं बरा वाटतो, पण पुढचा पाय त्याच्या पोटाशी उभं राहून तपासू नका.

कडेला काही गेंडे आडवे पडलेत. ते उठणार नाहीत. चारा संपला, पाणी गढूळ झालं आणि चालायचं बळ सरलं. माश्यांचा घोंगावणारा आवाज इतका दाट आहे, की तो अंगावर बसल्यासारखा वाटतो.

अचानक गर्दी दुभंगते. बाजूला व्हा! माणसाच्या उंचीचा, रानडुकरासारखा दिसणारा डेओडॉन येतोय. त्याचं डोकंच लांबलचक, जबडा करवतायला बसवल्यासारखा. जिवंत-मेलेलं असा भेद तो करत नाही. हाड फुटल्याचा आवाज तुम्हाला दातांच्या मुळाशी जाणवेल. आपण काही बोलायला नको. हळूच मागे सरका.

मागे सरकताना ज्याला तुम्ही जवळजवळ तुडवणार होतात, त्यालाच भेटायला आपण आलोय. डॅफेनोडॉन. अस्वलकुत्रा. नावावर जाऊ नका. तो अस्वल नाही आणि कुत्राही नाही, त्याचं कुळच वेगळं. अंगानं लांडग्याएवढा. तोंड कुत्र्याचं म्हणून खपेल, पण पाय त्या मानानं आखूड, धड लांब आणि शेपूट चांगली जाड, लांब. रंग विचारू नका, इथं सगळ्यांचा रंग राखेचाच. तो गुरगुरत नाही. डेओडॉन खातोय तोवर तो थांबतो, जीभ बाहेर काढून धापा टाकतो. मग कडेनं जाऊन मांसाचा एक लचका उचलतो आणि पाण्याकडे पाठ करून चालू लागतो.

त्याच्या मागे जाऊ या, वाऱ्याच्या उलट बाजूनं. थोड्याच अंतरावर मऊ मातीचा उंचवटा आहे आणि त्यात रुंद तोंडाचं बीळ. एक नाही, अनेक. इथं वास बदलतो: मुताचा उग्र दर्प, जुन्या हाडांचा कुबट वास आणि त्यात मिसळलेला दुधाचा. हात थोडा आत घाला. गार लागतंय ना? बाहेर माळ भाजतोय, आणि आत सावलीत पिल्लं एकमेकांच्या अंगावर लोळताहेत. एकाला तुमची बोटं सापडलीत. दुधाचे दातही बऱ्यापैकी टोचतात. हात काढा, लचका घेऊन आलेल्याला पाहुणे आवडत नाहीत.

आता उंचवट्यावरच बसून राहा, मी काळ पुढे सरकवतो. राख आणि वाळू वाऱ्याबरोबर येते, बिळांत भरते. आत पिल्लं आहेत, मोठे आहेत, म्हातारेही आहेत. त्यांची हाडं तिथंच राहतात. माती दगड होते. डबक्याकाठचे शेकडो गेंडे एकमेकांत गुंतलेल्या हाडांचा थर होतात. नायोब्रारा नदी दरी कोरते, आणि एक दिवस तुमच्या कानाशी छिन्नी वाजते. जेम्स कुक यांच्या अ‍ॅगेट स्प्रिंग्ज रँचवर पिट्सबर्गच्या कार्नेगी म्युझियमचे ओलाफ पीटरसन खोदताहेत. विसाव्या शतकाची नुकती कुठे सुरुवात आहे. गेंड्यांची हाडं असलेल्या टेकड्यांजवळच्या लहान उंचवट्यातून ते मांसाहारी प्राण्यांची सुंदर हाडं काढतात, पेट्या भरतात आणि जातात. तुम्हाला ओरडून सांगावंसं वाटेल, ‘अहो, ते घर आहे!’ पण ऐकू जाणार नाही.

ते लक्षात यायला सत्तरहून जास्त वर्षं जातात. नेब्रास्का विद्यापीठाचे रॉबर्ट हंट त्याच जागी परततात आणि हाडांइतकंच लक्ष भोवतालच्या दगडाकडे देतात. हाडं ज्या भरावात आहेत, त्याचा आकारच बिळाचा आहे. १९८३मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात निबंध येतो: मोठ्या मांसाहारी सस्तन प्राण्यांनी बिळात राहिल्याच्या सर्वांत जुन्या पुराव्यांपैकी हा एक.

उठा, पाय आखडले असतील. जाता जाता या कुळाचा पसारा धावता बघून घ्या. टेक्सासमधले आरंभीचे भाऊबंद कोल्ह्याहून लहान, तुमच्या दोन पायांमधून पळतील. पुढे अमेरिकेतच शेकडो किलो वजनाचे अँफिसायन. त्यांना वाट द्यावी हे बरं. फ्रान्समधल्या सान्सां इथे सापडलेल्या हाडांवरून जीवाश्मतज्ज्ञ लार्ते यांनी १८३६मध्ये अँफिसायन हे नाव दिलं, आणि शिवालिकच्या थरांतला अँफिसायन जीवाश्मतज्ज्ञ लायडेकर यांनी नोंदवला. म्हणजे आपल्या उपखंडातही यांची वस्ती होती. युरोप, आशिया, आफ्रिका, अमेरिका एवढं फिरून, कोट्यवधी वर्षं टिकून हे कुळ संपलं आणि मागे एकही वारस उरला नाही.

संग्रहालयात कधी अस्वलकुत्र्याचा सांगाडा दिसला, तर सगळे सुळ्यांपाशी फोटो काढत असतील. काढू द्या. तुम्ही पाटीवर तो सापडला कुठे, एवढं वाचा. नदीच्या गाळात सापडलेला बहुधा वाहून आलेला मुडदा असतो. तो काय खायचा हे दात सांगतात. उन्हात तो कुठे जायचा, पिल्लं कुठे ठेवायचा, म्हातारपणी कुठे पडून राहायचा, हे विचारायचं असेल तर तो घरीच सापडावा लागतो.